सामंतांचं खोटं लोखंड

आमच्या शेजारच्या सामंतांचा एक धातू माझ्या फ्रीजमध्ये राहायचा. कोथिंबिरीच्या जुडीला टेकून, छोट्या बाटलीत. त्यांच्याकडे फ्रीज नव्हता आणि आमच्या उमेळे गावचा उन्हाळा त्या गॅलियमला सोसायचा नाही, लगेच पाणी. जिन्यात कुणी नवं माणूस भेटलं की माझी बेल वाजलीच. "काकू, जरा बाटली द्या." मग त्या बापड्याच्या तळहातावर चांदीसारखा खडा ठेवायचा. हाताच्या उबेने तो वितळला की माणूस किंचाळायचा आणि सामंत खूश! एकदा त्याचा थेंब माझ्या घासलेल्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात पडला. दुसऱ्या दिवशी पातेल्याचं बूड बिस्किटासारखं मोडलं. सामंतांना कोण आनंद!

सामंत मुंबईत एका प्रयोगशाळेत. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बाटल्यांत वाढवायच्या आणि मग मारायच्या, हा उद्योग. म्हटलं, "मारायच्याच तर वाढवता कशाला?"

"कशाने मरतात ते कळायला नको? भराभर वाढतात ना, म्हणून त्यांना लोह फार लागतं. आपण गॅलियमचे क्षार द्यायचे. त्यांना ते लोहच वाटतं. गिळतात आणि वाढ खुंटते. पेशीला भूक असते काकू, अक्कल नसते!"

हे शेवटचं वाक्य ते भाजीवालीलाही ऐकवायचे.

पण पेशींना सुट्टी नाही. रविवारीही खाऊ घालायला जायचे. मुली बघायच्या त्या रविवारीच, त्यामुळे पंचेचाळिशी उलटली तरी लग्न राहिलेलं. शेवटी मीच मनावर घेतलं. सांडोर गावची सुलभा, शाळेत बाई, चाळिशीची, शांत. एका शनिवारी तिला आणि तिच्या आईला माझ्याकडे बोलावलं. सामंतांना बजावलं, "आज धातू नाही. हवापाण्यावर बोला."

चहा घेऊन बाहेर येते तर सुलभाच्या आईच्या तळहातावर खडा!

"अगो बाय, पानी झालं की याचं! हात काळा केला माझा!" आई हात झटकत म्हणाली. सामंतांनी पेशींचं आणि रविवारचं पुराण लावलं, तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे कॅन्सर बरा होतो याने?"

"छे हो. काचेत मरतात. माणसाचं अजून फार लांब आहे."

"आणि एवढ्यासाठी रविवारी घर सोडायचं?" आई उठलीच. चपला शोधू लागली.

सुलभा मात्र बसूनच होती. "या पेशी मुळात कुणाच्या?"

सामंतांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "परदेशातली एक लहान मुलगी होती. ती गेली, त्याला खूप वर्षं झाली. पेशी जगल्या."

"नाव काय तिचं?"

"ठाऊक नाही. बाटलीवर नुसता नंबर असतो." ते चहाच्या बशीकडे बघत राहिले. "मी सकाळी दार उघडलं की 'उठलीस का गं?' म्हणतो. रविवारी तिथे दुसरं कुणी नसतं, म्हणून जरा मोठ्याने."

सुलभाने आईचा पदर धरला. "आई, बस ना. चहा निवतोय." मग सामंतांकडे वळून म्हणाली, "उद्या किती वाजता निघता?"