प्रसादाचा बाजूबंद

सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने करायचे ते सासूने, आणि तात्यापारा मोहल्ल्यातल्या श्यामकांतरावांच्या घरात सासूच नव्हती. कुसुमताई जाऊन काही वर्षं झाली होती. सून क्षमा जवळच्याच अभनपूरची, हिंदी बोलणारी. तिला या प्रथेचा पत्ताही नव्हता. पण श्यामकांतरावांना होता ना! सासू नाही म्हणून पोरीचं काही राहून गेलं, असं त्यांना मुळीच होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ दोरा घेऊन बसले. हलवा म्हणजे साखरेचे काटेरी पांढरे दाणे, बहिणीने नागपूरहून पाठवलेले. सुई टोचली की दाणा फुटतो, तेव्हा एकेक दाणा दोऱ्याच्या फासात धरून गाठ मारायची. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे क्षमा बँकेत गेली की त्यांचा कारखाना सुरू व्हायचा. फुटलेले दाणे वाया कसे घालवायचे, म्हणून ते खाऊन टाकत. त्यामुळे सुरुवातीला हारापेक्षा त्यांचंच वजन भराभर वाढलं. अखेर हार, बाजूबंद आणि कमरपट्टा तयार झाला, वर सोनेरी जरीच्या फितीचा गोटासुद्धा लागला. हार जरा एका अंगाला कलत होता, पण हार होता. डबा त्यांनी देवघरात देवांच्या मागे दडवला. पूजा तेच करत, त्यामुळे तिथे कोण हात लावणार?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी रविवार होता. श्यामकांतराव काळी साडी आणायला गोलबाजारात गेले आणि गडबडीत पूजा राहिली. सासऱ्यांची पूजा चुकू नये म्हणून क्षमाने अंघोळ करून स्वतः पूजा केली. देव पुसताना डबा सापडला. तिच्या माहेरी होळीला साखरेच्या माळा पोरांच्या गळ्यात घालतात आणि नंतर खातात. इथे तर माळा देवापाशीच होत्या! तिने प्रत्येकीवर तुळशीचं पान ठेवलं आणि शेजारी वाटून आली.

"पापाजी, आपका प्रसाद मैंने बाँट दिया," सासरे घरात येताच तिने सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की श्यामकांतरावांच्या तोंडून कसंबसं "बरं केलं" एवढंच निघालं. साडी कपाटात कोंबून त्यांनी पुन्हा चपला घातल्या.

समोरच राहणाऱ्या विनोदिनीबाईंनीच उद्याचं हळदीकुंकू श्यामकांतरावांच्या घरी ठरवलं होतं. श्यामकांतरावांनी आधी त्यांचंच दार गाठलं.

"भाऊजी, तुमच्या सुनेनं मले बाजूबंद देला," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "मले काय मालूम? तुळस पाहून प्रसादच वाटला. मी अर्धा खाल्ला."

कमरपट्टा शेजारच्या शालिग्रामकडे गेला होता. त्याला मधुमेह, बायकोसमोर त्याने असं काही मिळाल्याचं साफ नाकारलं आणि ती आत वळताच उशीखालून उरलेला तुकडा काढून दाखवला. तो तिने दारातून पाहिलाच, आणि पुढचा तमाशा श्यामकांतरावांना उभ्याने ऐकावा लागला. पलीकडच्या गंधालीकडे तिच्या दोन पोट्ट्यांनी हाराची रस्सीखेच केली होती. श्यामकांतरावांनी सगळ्यांना एकच विनवणी केली, की क्षमाला यातलं काही सांगू नका. घरी येताना त्यांना रडूच फुटायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी क्षमा सासऱ्यांनी आणलेली काळी साडी नेसून पाटावर बसली. बायका आल्या आणि विनोदिनीबाईंनी पिशवीतून बाजूबंद काढला. खाल्लेल्या जागी मुरमुरे बांधले होते. गंधालीने आणलेल्या हारात मखाणे होते. शालिग्रामच्या बायकोने कमरपट्टा शेंगदाण्यांनी पुरा केला होता. साखर घरात ठेवायची तिची आता तयारी नव्हती.

क्षमाने तो सोनेरी गोटा ओळखला. हार उचलून ती सासऱ्यांकडे वळली.

"पापाजी, ये मेरे लिए था? आपने बनाया था?"

"हव," श्यामकांतराव म्हणाले. "तुह्या सासूनं केला असता तर सरळ झाला असता."

क्षमाचे डोळे भरून आले. तिने हार त्यांच्याच हातात दिला आणि मान पुढे केली. त्यांनी तो बांधला. त्यांना फार बरं वाटलं.

पण ते मागे सरताच बायकांनी सुनेचा ताबा घेतला. एक म्हणाली, मान सरळ ठेव. दुसरी म्हणाली, हात हलवू नको. तिसरीने पदर ओढून पुन्हा खोचला, चौथीने उखाणा घ्यायला लावलं, आणि तो हिंदीत चालेल की नाही यावर दोघी भांडू लागल्या. या सगळ्यांच्या मधोमध क्षमा प्रत्येकीला "हाँ जी, हाँ जी" करत होती.

घरात सासू नाही याचं श्यामकांतरावांना इतके दिवस वाईट वाटत होतं. आता दारात उभं राहून त्यांनी त्या एकेकीकडे पाहिलं, आणि उद्या यातल्या निदान निम्म्या तरी सासूपणा करायला परत येतील या विचाराने ते हळूच चहा ठेवायला आत सटकले.