रसिकांच्या प्रतिक्रिया, साठ नग

तालुक्याच्या घोडदौडीच्या मैदानावर रॉक संगीताचा खुला जलसा भरवण्यास संस्कृती खात्याची हरकत नाही, असं पत्र मे महिन्याच्या अखेरीस आलं. पत्राला तीन अटी जोडलेल्या होत्या. एक, जलसा दुपारी बारा ते सहा या वेळेतच व्हावा, कारण सहाला मैदान घोड्यांना लागतं. दोन, सात बँडांपैकी कुणीही मंचावर वाद्यं फोडू नयेत. तीन, उपस्थित रसिकांच्या प्रतिक्रिया, सर्व वयोगट मिळून साठ नग, मैदानावरच माइकवरून घेऊन त्याच दिवशी सहापर्यंत अहवालाला जोडाव्यात. साठाला एक जरी कमी पडली तरी पुढच्या वर्षी परवानगीचा विचार होणार नाही.

पहिल्या दोन अटींवर गावात बरीच चर्चा झाली. तिसरीकडे कुणी लक्ष दिलं नाही. माइकवर दोन शब्द बोलायला आमच्या सरोवरकाठच्या माणसाला जड जाईल, ही शंकाच कुणाच्या मनात येण्यासारखी नव्हती.

सागिनने तर ते पत्र पाहिलंही नव्हतं. गाव ते बिश्केक अशी चौदा आसनांची मिनीबस तो चालवायचा आणि त्याला एवढंच कळलं होतं, की सातवा आणि शेवटचा बँड 'चोयुन तुयाक' आहे. चोयुन तुयाक म्हणजे बिडाचे खूर. एकोणीस वर्षांपूर्वी ही मंडळी पांगली. ढोलवाला नोवोसिबिर्स्कला गवंडीकामाला गेला, गायक इशेन बिश्केकमध्ये प्लास्टिकच्या खिडक्या विकू लागला. त्यांचं एक गाणं सागिनने तरुणपणी रेडिओवरून कॅसेटवर उतरवून घेतलं होतं. गाण्यातला स्वार हरवलेली घोडी शोधत खिंड चढतो. बर्फ पडायला लागतं. माथ्यावर पोचतो तर पलीकडून शीळ ऐकू येते. आणि तिथे कॅसेट संपते.

ती शीळ कुणाची, हे सागिनला एकोणीस वर्षं कळलं नव्हतं. गाणं पुन्हा कुठे निघालं नाही, रेडिओवर लागलं नाही. प्रवाशांना विचारावं, तर एक म्हणायचा शीळ घोडीच्या मालकाची, दुसरा म्हणायचा मृत्यूची, तिसऱ्याला ती आगगाडीची वाटायची. या तिघांपैकी कुणीही गाणं ऐकलेलं नव्हतं.

"ती मेली घोडी सापडली की नाही, एवढं एकदा कळू दे," सागिनची बायको जानिल शेजारणींना सांगायची. "मग हा माणूस घरातला गळका नळ बघायला मोकळा होईल."

जलशाच्या दिवशी दोघं अकरालाच मैदानावर हजर झाली. थर्मासात चहा, फडक्यात कणकेचे तळलेले बोरसोक, बसायला रजई. सागिनने आयुष्यात पहिल्यांदाच हक्काची सुट्टी घेतली होती. फक्त परतीची संध्याकाळची फेरी तेवढी त्याच्याकडे होती.

बाराला पहिला बँड आला, तीन गाणी वाजवून गेला. गाणी दणक्यात झाली. मग संस्कृती खात्याच्या निरीक्षक बुरुलकान एजे, म्हणजे बुरुलकानताई, हातात प्रतिक्रिया नोंदवायच्या नमुना सातचा गठ्ठा घेऊन मंचावर आल्या. नियोजन साधं होतं. प्रत्येक बँडनंतर आठ-नऊ रसिकांनी यावं, प्रत्येकाने अर्धा मिनिट बोलावं. वयाने थोरल्याने सुरुवात करावी, हे नमुन्यात लिहिलेलं नव्हतं. पण ते काय लिहायला लागतं का?

त्यामुळे पहिले उठले तोक्तोसुन अक्सकाल; पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्याला आमच्याकडे अक्सकाल म्हणतात. वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं तालुक्याचे पशुवैद्य होते. गेली दहा वर्षं त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डाव्याने ते ऐकत नाहीत.

"मी फार वेळ घेणार नाही," अक्सकाल म्हणाले, आणि मैदानावरच्या प्रत्येक जाणत्या माणसाने हळूच पाय पसरले. साठ साली मेंढ्यांमध्ये खुरांची साथ आली होती, तिथून त्यांनी सुरुवात केली. चोयुन तुयाकच्या नावात खूर असल्याने विषय अगदीच सोडून नव्हता, मात्र तो बँड अजून पाच बँडांच्या पाठीमागे होता. साथ आटोक्यात आल्यावर अक्सकालांनी तरुणांना आशीर्वाद दिला, साऱ्या मैदानाने तळवे चेहऱ्यावरून फिरवले, आणि मग ते गायले. कारण आमच्याकडे दोन शब्द बोलून झाल्यावर माणूस गातो. लग्नात गातो, बारशाला गातो, मग रॉकच्या जलशातच का गाऊ नये? सव्वीस मिनिटं झाली.

इथवरही निभावलं असतं. पण गाऊन झाल्यावर आयोजकांनी अक्सकालांच्या खांद्यावर मानाचा मखमली चापान, म्हणजे लांब अंगरखा, घातला. एवढ्या म्हाताऱ्याला मोकळ्या खांद्यांनी कसं उतरवायचं? आणि अक्सकाल पडले वरच्या आळीचे. खालच्या आळीचे तीन म्हातारे तात्काळ उठून उभे राहिले. त्यांनाही अचानक संगीताविषयी खूप काही वाटू लागलं होतं.

"एजे," सागिनने रांगेतून जाऊन बुरुलकान एजेंना अदबीने विचारलं, "हे असंच चाललं तर चोयुन तुयाकला वेळ उरेल ना?"

"बाळा, बँड सात आहेत. प्रतिक्रिया साठ आहेत," एजे म्हणाल्या. "वेळ कशाला जास्त लागणार, तूच हिशोब कर."

हिशोब बरोबर होता. दोनपर्यंत बँड दोन झाले आणि प्रतिक्रिया अकरा. चापान आणलेले चारच होते, ते पाचव्या प्रतिक्रियेलाच संपले. तेव्हा पहिल्या सत्कारमूर्तीच्या अंगावरचा चापान मंचामागे हळूच काढून घ्यायचा आणि पुढच्याला घालायचा, असं ठरलं. तोक्तोसुन अक्सकालांनी आपला सोडायला साफ नकार दिला, म्हणून तिघांवर भागवलं. तेही कमी पडू लागले, तेव्हा तिसऱ्या बँडच्या पोरांनी आपली काळी चामडी जॅकेटं काढून दिली. साखळ्या आणि कवट्या लावलेल्या त्या जॅकेटांत खालच्या आळीची सत्तरीतली मंडळी फारच रुबाबदार दिसत होती. त्यांनी ती परत दिली नाहीत.

तीन वाजता आयोजकांची तातडीची बैठक झाली. वेळ वाचवण्यासाठी तिसरा आणि चौथा बँड एकाच वेळी, दोन वेगवेगळी गाणी वाजवून मोकळे झाले. त्यावर पुन्हा सोळा प्रतिक्रिया झाल्या. सगळ्या चांगल्या होत्या. दुधाच्या डेअरीच्या बाईंनी तर असा ठोका आपण कधी ऐकला नव्हता असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. पाचवा बँड मंचावर येऊन, वाद्यं जुळवून, रसिकांना हात हलवून खाली उतरला. अहवालात त्याची नोंद 'सादर' अशी झाली. सहाव्याला उपस्थितीपत्र देऊन गाडीभाड्यासकट पार्किंगमधूनच निरोप देण्यात आला.

"पण यांनी वाजवलंच नाही, तर प्रतिक्रिया कशावर?" सागिनने बुरुलकान एजेंना पुन्हा गाठलं.

एजेंनी नमुना सात त्याच्यापुढे धरला. "यात कुठे लिहिलंय की बँडने वाजवलं पाहिजे? रसिकाला वाटलं पाहिजे, एवढंच आहे. वाटायला काय, आधीही वाटतं."

मग लोकांना आधीच वाटू लागलं. पोस्टमास्तरांना चोयुन तुयाकचं आजचं सादरीकरण अविस्मरणीय वाटलं. शाळेच्या मुख्याध्यापिकांना त्यात एकोणीस वर्षांचं तप दिसलं, आणि त्या त्यावर नऊ मिनिटं बोलून दोन गाणी गायल्या. ते तप मंचाच्या पायरीवर गिटार मांडीवर घेऊन बसलं होतं. इशेनच्या केसांत पांढरं आलं होतं, पोट सुटलं होतं, आणि तो दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता.

सागिनचा जीव टांगणीला लागला. प्रत्येक बोलणाऱ्यागणिक तो रजईवर चरफडत होता.

"बघ, बघ याला! म्हणे थोडक्यात सांगतो! थोडक्यात सांगणाऱ्याची तऱ्हा बघ! माइक हातात आला की माणसाला काय होतं गं?"

"बोरसोक खा," जानिल म्हणाली.

"लाज कशी वाटत नाही म्हणतो मी. लोक गाणी ऐकायला आलेत, तुझी जन्मकुंडली ऐकायला नाही आले!"

साडेपाचला एकोणसाठावे रसिक गाऊन उतरले. मैदानाच्या टोकाला घोडेस्वार जमू लागले होते. त्यातल्या एकाने खोगिरावर, घोड्यावरच्या खेळात चेंडूऐवजी लागणारं बोकडाचं धूड आडवं टाकलं होतं आणि तो अधूनमधून घड्याळाकडे बोट दाखवत होता. सहाला मंचाला जोडलेली पंपघराची वीज बंद होणार, मैदान घोड्यांचं होणार. गाणं सात मिनिटांचं. साठावी प्रतिक्रिया अर्ध्या मिनिटाची घेतली तरी चार वेळा वाजवता येईल, एवढा वेळ शिल्लक होता.

बुरुलकान एजेंनी गठ्ठा चाळला आणि कपाळाला हात लावला. "चाळीस ते पन्नास वयोगट, पुरुष, वाहतूक क्षेत्र. एक कमी आहे. एवढी एक मिळाली नाही, तर पुढच्या वर्षी जलसा नाही. आहे कुणी?"

सगळं मैदान सागिनकडे वळलं. "सागिन! ए सागिन! दोन शब्द!"

"मी नाही बुवा," सागिन म्हणाला, पण उठून उभा राहिलाच.

जानिलने त्याची बाही धरली. "हे बघ, ऐक माझं. 'छान' म्हण आणि खाली उतर. एक शब्द. छान. ऐकू आलं ना?"

"मला सांगतेस?" सागिन दुखावल्यासारखा म्हणाला. "दिवसभर कोण ओरडतंय इथे?"

मंचावर जाईपर्यंत त्याच्या तोंडात तो एकच शब्द होता. इशेन पायरीवरून उठून तयार झाला. ढोलवाल्याने काठ्या उचलल्या. माइक हातात घेतल्यावर सागिनला पहिल्यांदाच समोरची दोन हजार माणसं एकदम दिसली, आणि ती सगळी त्याच्याकडे बघत होती. मिनीबसमध्ये एकोणीस वर्षं माणसं त्याच्या पाठीशी बसत आली होती. त्याच्या तोंडाकडे कधी कुणी बघितलं नव्हतं.

"छान," सागिन म्हणाला. आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. त्याला तो आवडला. "मी काही फार वेळ घेणार नाही," तो पुढे म्हणाला.

जानिलने फडकं गुंडाळायला घेतलं.

सागिनने कॅसेटची गोष्ट सांगितली. कॅसेट कुठून घेतली, तेव्हा गाडी कोणती होती, त्या गाडीचा दुसरा गिअर कसा अडकायचा, तो कुणी दुरुस्त केला, दुरुस्त करणाऱ्याच्या आईला त्याने एकदा फुकट दवाखान्यात कसं नेलं, हे सगळं ओघानं आलं. लोक हसले तेव्हा त्याला वाटलं, आणखी एक सांगावं. एक बाई डोळे पुसताना दिसली, तेव्हा वाटलं आता थांबलो तर बरं दिसणार नाही. मग रिवाजाप्रमाणे गाणं आलं. सागिनला आयुष्यात एकच गाणं पाठ होतं. ते त्याने चोयुन तुयाककडे पाठ करून, डोळे मिटून म्हटलं. घोडी हरवली, स्वार निघाला, बर्फ पडलं, शीळ आली. पुढचं येत नसल्यामुळे तो थांबला. टाळ्यांचा कडकडाट झाला. चापान उरला नव्हता, म्हणून इशेनचंच जॅकेट त्याच्या खांद्यावर आलं.

घड्याळात पाच पंचावन्न झाले होते.

चोयुन तुयाकने ताबडतोब गाणं सुरू केलं, आणि काय वाजवलं म्हणून सांगू! असा ढोल, अशी गिटार त्या सरोवराने कधी ऐकली नसेल. सागिन मंचाच्या पायरीशी उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घोडी हरवली. स्वार खिंड चढला. बर्फ पडलं. इशेनने मान मागे टाकली, माथ्यावरची शीळ घातली, पुढच्या शब्दासाठी श्वास घेतला, आणि सहा वाजले. पंपघराची वीज गेली. घोडे मैदानात घुसले.

बुरुलकान एजेंचा अहवाल वेळेत गेला. साठही प्रतिक्रिया अनुकूल होत्या. सूचनांच्या रकान्यात बहुतेकांनी एकच लिहिलं होतं: पुढच्या वर्षी रसिकांना बोलायला अधिक वेळ द्यावा, बँड कमी केले तरी चालतील.

साडेसहाच्या फेरीला सागिनची मिनीबस गच्च भरली. शेजारच्या आसनावर इशेन होता, कारण त्याला चाळीस किलोमीटरवर बहिणीच्या गावी उतरायचं होतं. मागे जॅकेटवाले म्हातारे, मुख्याध्यापिका, पोस्टमास्तर, डेअरीच्या बाई, जानिल. सगळ्यांचं एकमत होतं.

"लोकांना कुठे थांबावं ते कळतच नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"माझं सोडा, मी थोडक्यात आटोपलं," पोस्टमास्तर म्हणाले.

सागिनने तिकडे कान दिला नाही. मैदान मागे पडलं तसा तो हलक्या आवाजात म्हणाला, "इशेन बाइके, दादा, एक विचारू? ती शीळ कुणाची होती?"

इशेनने त्याच्याकडे नीट बघितलं. पुढच्या काचेवर चिकटवलेली ती जुनी कॅसेटही त्याला दिसली. "एकोणीस वर्षं थांबलास?" तो म्हणाला. "अरे, मग सांगतो कशाला, गाऊनच दाखवतो." त्याने गिटार पोटाशी घेतली. मागचे सगळे पुढे वाकले.

"एक मिनिट," मागून तोक्तोसुन अक्सकाल म्हणाले. त्यांनी मखमली चापान सावरला. "पोरगा गाणारच आहे. पण त्याच्याआधी माझं दुपारचं थोडं राहिलंय. साठ सालचं मी सांगितलं, बासष्टचं राहून गेलं."

इशेनने गिटार खाली ठेवली. वडीलधारा माणूस बोलत असताना कोण वाजवेल? सागिनने आरशातून अक्सकालांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा आरशाकडे. त्याने गाडीचा वेग जमेल तेवढा कमी केला. बैलगाडीसुद्धा पुढे गेली असती. बहिणीच्या गावाचा फाटा आला तेव्हा मेंढ्या बऱ्या व्हायला सुरुवात झाली होती. इशेन हात हृदयाशी नेऊन उतरला आणि गाडीने फाटा सोडला.

तुम्ही म्हणाल, त्या म्हाताऱ्याला कुणी गप्प का बसवलं नाही? सागिनने मंचावर तोंड का आवरलं नाही? बरोबर आहे तुमचं. पुढच्या वर्षी या तुम्ही. तुम्ही लांबचे पाहुणे, आमच्याकडे पाहुण्याला सगळ्यांच्या आधी माइक देतात. अर्ध्या मिनिटात खाली उतरा, चोयुन तुयाक पायरीवर तयार असेल.