क्ष कुणाला माहीत होता

आमच्या खोऱ्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. नजर घारीची, कान सशाचे, आणि संशय घ्यायची ताकद अशी की आरशात पाहतानाही मी समोरच्यावर पूर्ण विश्वास टाकत नाही. मी चास्लाव. नगरपालिकेच्या बांधकाम कचेरीत दप्तर सांभाळतो, असं पगारपत्रक म्हणतं. पगारपत्रकाला माणसाचं अंतरंग कुठून दिसणार? आजवर मी एकोणीस प्रकरणं हाताळली. त्यातली काही सुटलीही. माझ्यामुळे नव्हे, असं म्हणणारे लोक आहेत. त्यांची नावं माझ्याकडे आहेत.

विसावं प्रकरण ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी आलं.

त्या वसंतात नदीला पूर आला आणि पायपूल गेला. अलीकडे कचेरी, पलीकडे स्तामेंकामावशींचं घर, मधे पाणी. मावशी आमच्याकडे कॉफी करतात, झाडलोट करतात. त्यांच्या अंगणातून हाक मारली तर आमच्या खिडकीत ऐकू येते. पण पाय काही हाकेवर बसून येत नाहीत. त्या चार किलोमीटर वळसा घालून यायच्या, चार जायच्या, आणि गुडघा वाटेत प्रत्येक चढाला कुरकुरायचा. नवा पूल मंजूर झाला होता. लोखंडी तुळई किती उंच हवी, एवढंच उरलं होतं. कारखान्याला तो आकडा त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत कळवायचा. नाहीतर पुढची पाळी एप्रिलमध्ये.

आकडा काढायचा होता आमच्या सव्वीस वर्षांच्या इंजिनियरला, देसांकाला. साडेनऊला ती माझ्या दप्तरखान्यात आली.

"काका, कंप्युटर ऐकत नाही."

"काय म्हणतोय?"

तिने मला पडद्यापुढे नेलं. लाल अक्षरांत लिहिलं होतं : क्ष अज्ञात नाही.

मी खुर्ची ओढून बसलो. इतकी स्वच्छ साक्ष मला उभ्या आयुष्यात कुणी दिली नव्हती.

देसांकाने समजावलं. तुळई जितकी उंच तितकी जड. आणि जड झाली की स्वतःचंच वजन पेलायला आणखी उंच हवी. म्हणजे क्ष समीकरणाच्या दोन्ही अंगांना ठाण मांडून बसलेला. हाताने सोडवायला दिवस जाईल. या सॉफ्टवेअरला समीकरण द्यायचं आणि म्हणायचं, क्ष शोध. ते डोळ्याचं पातं लवायच्या आत शोधतं.

"आज मात्र म्हणतंय, शोधायचा कशाला, माहीत आहे की."

"कुणाला?"

"तेच तर."

"मग दुसरं अक्षर घे."

"मंजूर नमुन्यात क्षच आहे. अक्षर बदलायचं तर अर्ज, अर्जावर शिक्का, आणि शिक्केवाल्या बाई गुरुवारी येतात."

माझ्या डोक्यात वीज चमकली. कचेरीतल्या कुणाला तरी क्ष माहीत आहे आणि तो दडवतोय. मी थेट तिहोमिरसाहेबांच्या खोलीत गेलो. ते चीज भरलेलं बुरेक खात होते.

"साहेब, क्षबद्दल आपल्याला काय माहीत आहे?"

"चास्लाव, मला काही माहीत असतं तर मी साहेब झालो असतो का?"

उत्तर बिनतोड होतं. साहेब यादीतून गेले.

मग मी आधीचे इंजिनियर धरले. निवृत्त होताना त्यांनी छत्रीबरोबर क्षही नेला असावा. फोन केला. ते म्हणाले, छत्रीदेखील कचेरीतच राहिली आहे, बघ. मग मी सॉफ्टवेअर धरलं : ते परदेशी, त्याला आमच्या खोऱ्यात पूल नको असणार. शेवटी देसांकाला धरलं.

"तूच समीकरण चुकीचं लिहिलंस."

"तीनदा नव्याने लिहिलं, काका. चौथ्यांदा तुम्ही लिहा."

मी पुरावा छापून मागवला. कागदावर नाही ते आमच्या कचेरीत अस्तित्वातच नसतं. अकरा पानं भिंगाखाली घातली. क्षला कुणी किंमत दिल्याचा मागमूस नव्हता. देसांकानेही छापूनच तपासलं होतं. कागद निर्दोष, कंप्युटर हट्टी, आणि घड्याळात दीड.

स्तामेंकामावशी कॉफी घेऊन आल्या. तबक हातातच धरून उभ्या राहिल्या.

"आत्ता की एप्रिल, तेवढं सांगा. एप्रिल असेल तर मी शुक्रवारी काम सोडते. हा गुडघा बर्फातला हिवाळा काढायचा नाही."

मावशी एकवीस वर्षं आमच्याकडे होत्या. कुणाला किती साखर, हे त्या कधी विचारत नसत.

कप ठेवायला जागा नव्हती. त्यांनी कीबोर्ड कोपराने सरकवला, कुठलीशी कळ दाबली गेली, आणि पडद्यावरचं पान डावीकडे घसरत गेलं. उजवीकडचं पांढरं रान उघडं पडलं.

"हे काय गं पोरी, पानाच्या बाहेर?"

देसांका वाकली. पानाच्या कडेपलीकडे लिहिलेलं छापलं जात नाही, पण सॉफ्टवेअर ते वाचतं. तिने मोठ्याने वाचलं : "राकिया पंधरा लिटर, साठ अंशांची. हवी पंचेचाळीसची. पाणी, क्ष बरोबर पाच."

घरच्या दारूत घालायचं पाणी पाच लिटर, म्हणून तुळईची उंचीही पाच. बिचारं सॉफ्टवेअर सकाळपासून खरंच सांगत होतं.

"संत दिमित्रीच्या सणाला पाहुणे कुणाकडे असतात?" मावशींनी विचारलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. बाकी सगळे पाहत होते.

गेल्या आठवड्यात देसांका जेवायला गेली असताना तिच्या कंप्युटरवर पाच मिनिटं एक घरगुती हिशेब झाला होता. कुणाला दिसू नये म्हणून तो कडेला सरकवला होता. सण तीन आठवड्यांवर. माणसाने तयारी कधी करायची?

"गुन्हेगार कचेरीतलाच आहे, हे मी सकाळीच ताडलं होतं," मी म्हणालो.

"हो काका," देसांका म्हणाली आणि तिने माझी राकिया पुसली. क्ष शोध, असं सांगितलं. अठ्ठावीस सेंटिमीटर. दोनला बारा मिनिटं कमी असताना कारखान्याला फोन गेला.

नोव्हेंबर संपता संपता पूल बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत आलो तर मावशी माझ्याआधी हजर. शेगडीपाशी बसलेल्या, हात मांडीवर, कॉफीचं भांडं कोरडं. खिडकीबाहेर पहिला बर्फ पडत होता, पण त्यांचे बूट जवळजवळ कोरडे होते.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही रे. तासभर उरलाय." त्या खिडकीतून पलीकडच्या आपल्या दाराकडे पाहत होत्या. "उरलेल्या वेळाचं काय करतात?"

मी कॉफी ठेवली. ती उतू गेली. कुणामुळे, हे मावशींनी पाहताक्षणी ओळखलं, आणि कप पुढे केला.