मगदूम अण्णा आणि हेलियम

आमच्या कंपनीत वाढदिवसाला केक कापता येतो, पण गॅसचा फुगा आणता येत नाही. हा नियम मालकांचा नाही, मगदूम अण्णांचा आहे. अकाउंट्सच्या बाईंनी एकदा लेकीसाठी घेतलेला फुगा खुर्चीला बांधून ठेवला, तर अण्णा दारातूनच म्हणाले, "आधी त्यो भाईर काढा. आत मेम्स हाईत."

गोकुळ शिरगावला आम्ही इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवतो. अण्णा डिझाइन बघतात, मी खरेदी. म्हणजे ते नाकारतात आणि मी विक्रेत्यांची समजूत घालतो. प्रत्येक बोर्डाला ठेका धरून देणारा एक चिमुकला भाग लागतो, ऑसिलेटर. डेटा जितका वेगात पळणार तितका हा ठेका पक्का हवा, नाहीतर सगळा गोंधळ. पूर्वी ठेका क्वार्ट्झच्या स्फटिकाचा असे. आता मेम्स निघालेत. त्यांत हवा काढलेल्या बंद पोकळीत सिलिकॉनचा कण थरथरत असतो.

अण्णांची निवडायची रीत अशी, की नमुन्याचा बोर्ड चालू कॉम्प्रेसरवर ठेवायचा आणि शेजारी खुर्ची टाकून डबा खायचा. विक्रेता बिचारा डेटाशीट पुढे करी. अण्णा भाकरी मोडत म्हणत, "पावणं, कागदावर समदेच शाणे असत्यात. ह्यो बसणार कुठं हाय, ते बोला." त्या हादऱ्यांत क्वार्ट्झचा ठेका ढळला, मेम्स ढिम्म हलला नाही. तेव्हापासून अण्णांच्या तोंडी दुसरं नाव नाही.

त्यामुळे नव्या बोर्डात अण्णांनीच मेम्स नको म्हटलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. ऑर्डर त्याच दिवशी जायची होती. बोर्ड होता कास्टिंगमधली, म्हणजे ओतीव भागांमधली, बारीक गळती शोधणाऱ्या मशीनचा, आणि ती मशीन गळती शोधते फुग्यात भरतात तोच हेलियम सोडून.

"लई बारीक ग्यास हाय," अण्णा म्हणाले. "बंद पोकळीतबी शिरतोय. मग आतल्याला थरथराय जमत न्हाय."

"अण्णा, फुग्याचं खूळ आता मशीनपर्यंत आणू नका," आमचे साहेब, म्हणजे मालक, म्हणाले.

अण्णांनी मेम्सचा एक चालू बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातला, आत हेलियम सोडला आणि तोंड बांधलं. आम्ही बोर्डाला जोडलेल्या स्क्रीनकडे बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळानं ठेक्याची नाचणारी रेघ सपाट झाली. मशीन एका जागी बसणारी, हादरे नाहीत, म्हणून साहेबांनी क्वार्ट्झला होकार दिला आणि मेलेला बोर्ड भंगारात टाकायला सांगितला.

"भंगारात कशाला? मोडलं न्हाय ते," अण्णा म्हणाले. "मोकळ्या हवेत ऱ्हाऊ दे थोडं दिस, आतला ग्यास आपसूक जाईल." आणि बोर्ड घरी घेऊन गेले.

पुढच्या रविवारी क्वार्ट्झचे नमुने दाखवायला मी त्यांच्या घरी गेलो. बोर्ड खिडकीत ठेवलेला, आणि खरंच चालू झालेला. पायरीवर त्यांची थोरली लेक सुनंदा बसली होती. इचलकरंजीला दिलेली, थाटात लग्न झालेलं. त्या लग्नात मीही जेवलो होतो. मी हसलो, तिनं नुसतं बघितलं.

अण्णांनी मला फाटकाशी नेलं. "पंचमीला आली ती माघारी गेली न्हाय," ते हळू म्हणाले. "नामांकित घर, म्हणून म्या चौकशीच केली न्हाय. आल्यापास्नं कुणासंगं बोलत न्हाय. काय इचारू नगासा तिला."

विक्रेत्यांना घाम फोडणारा हा माणूस लेकीला एक प्रश्न विचारायला घाबरत होता. आम्ही पायरीजवळ येऊन बसलो आणि अण्णा उगाच मोठ्यानं क्वार्ट्झबद्दल बोलू लागले, ढगाला लागली कळ तसं, थांबेनातच. मीही हूं हूं करत राहिलो.

"अण्णा," मागून बारीक आवाज आला, "पावण्यास्नी च्या तरी इचारा की."

अण्णांनी वाक्य अर्ध्यावरच सोडलं. मागं वळून बघायचा धीर त्यांना होईना. माझ्याकडेच बघत, कसाबसा आवाज काढून म्हणाले, "घेणार न्हवं?"

पित्तामुळे मी चहा केव्हाच सोडला आहे. त्या दिवशी दोन कप प्यालो.