एक पॉइंट तीसच्या वर नाही

आजवर कोणाला सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. केनवडच्या नामदेवभाऊ खिल्लारेंच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर आपोआप गेला नाही. तो मी मारला. आणि मारल्यावर दोन-अडीच आठवडे रोज सकाळी त्यांना फोन करून त्याची तब्येत छान आहे म्हणून कळवत राहिलो.

ज्यांना यात काही गंभीर दिसत नाही, त्यांनी नामदेवभाऊंना पाहिलेलं नाही.

नामदेवभाऊ वीज खात्यातून रिटायर झालेले लाइनमन. तीस वर्षं खांबावर चढून उतरलेला हा माणूस कोणत्याही तारेला घाबरत नसे. घाबरायचा तो सव्वा व्होल्टला. मुलानं कॉलेजात असताना जोडलेला एक कॉम्प्युटर त्यांच्या समोरच्या खोलीत होता आणि त्याचा प्रोसेसर ते कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळवत. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवायचा तर व्होल्टेज थोडं वाढवावं लागतं, आणि जास्त वाढवलं तर प्रोसेसर आतून झिजत जातो. एवढं ज्ञान केनवडमध्ये आज लहान पोरालाही आहे, कारण नामदेवभाऊंनी ते कोणाला टाळू दिलेलं नाही.

एवढ्या वेगाचं ते काय करायचे? पत्ते खेळायचे. एकट्यानं.

"भाऊ, पत्त्याले एवढा वेग कायले लागते?" मी एकदा विचारलं. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, म्हणून मला शंका विचारायची सवय.

"लागत नाई," ते म्हणाले. "पन अंगात असलेला बरा."

उन्हाळ्यात त्यांच्या घरात एकच कूलर, आणि त्याचं तोंड प्रोसेसरकडे. पाहुण्याला पंखा. स्वतःला खांद्यावरचा दुपट्टा. बाहेर उन्हात अंडं उकडेल अशी वेळ असताना हा गृहस्थ घाम पुसत स्क्रीनवरचा आकडा वाचायचा आणि समाधानानं म्हणायचा, "बासष्ट डिग्री. मजेत आहे गडी." गडी मजेतच असायचा. चक्कर पाहुण्याला यायची.

वेग चार पॉइंट चार, व्होल्टेज एक पॉइंट अठ्ठावीस. फार तर तीस. त्याच्या वर नाही. तीन वर्षांत या माणसानं तो आकडा ओलांडला नाही. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "मास्तर, चालून राह्यला म्हंजे झेपून राह्यलं असं नोका समजू." हे ते प्रोसेसरबद्दल बोलत, सरपंचाबद्दल बोलत आणि माझ्या ब्लडप्रेशरबद्दलही बोलत. गावात नवीन माणूस आला की त्याला पाच मिनिटं न्याहाळून ते त्याचं व्होल्टेज सांगत. सरपंच एक पॉइंट पन्नास. "चमकून राह्यला, पन पुढच्या निवडनुकीपर्यंत टिकत नाई." आमचे हेडमास्तर शून्य पॉइंट नव्वद. "बंद नाई पडनार. चालूबी नाई होनार." हे हेडमास्तरांच्या कानावर गेलं. त्यांना ती शुभेच्छा वाटली.

दर रविवारी सकाळी पुण्याहून मुलाचा, प्रशांतचा, फोन यायचा. भाऊ तो स्पीकरवर ठेवत, म्हणून सगळ्या गल्लीला पाठ होता.

"आकडा?"

"एक पॉइंट अठ्ठावीस."

"ताप?"

"बासष्ट."

"ठीक. ठेवतो."

बाप-लेकाचं हे संभाषण ऐकून मी घरी बायकोला नक्कल करून दाखवायचो. ती हसायची. मीही हसायचो. फार विनोदी माणूस होतो मी.

मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढायचे ठरले. एकामागून एक, अकोल्याला, बहिणीकडे राहून. महिनाभर स्क्रीन पाहायची नाही, असं डॉक्टरनं बजावलं. जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हशीच्या धारा काढणाऱ्याला देतात तशा सूचना दिल्या. सकाळी चालू करा. कूलरमध्ये पानी पाहा. आकडा वाचा. मले फोन करा. "आनि मास्तर, काई वाढवू नोका."

पहिला आठवडा मी वाढवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मला वाटलं, हा दहावी पास लाइनमन तीन वर्षं आपल्याला शिकवून राहिलाय. आपण बीएड झालेला माणूस. चार पॉइंट चारला जर हा एवढा मिरवतो, तर चार पॉइंट आठ करून पाहू. केलं. मशीन लटकलं. थोडं व्होल्टेज दिलं. पुन्हा लटकलं. आणखी दिलं. एक पॉइंट पंचावन्नला ते चार पॉइंट आठवर उभं राहिलं आणि मी खुर्चीत मागे टेकलो. त्या क्षणी वाशिम जिल्ह्यातला सर्वांत वेगवान माणूस मी होतो. साक्षीला एक कूलर होता.

तिथेच उतरवलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण तो आकडा पाहायला बरं वाटायचं. आठ दिवस तसाच ठेवला. रोज शाळेआधी जायचो, पूर्ण ताण देणारा प्रोग्राम लावायचो, आकडा डोळे भरून पाहायचो आणि अकोल्याला फोन लावायचो.

"भाऊ, एक पॉइंट अठ्ठावीस."

"ताप?"

"बासष्ट."

"हाव. तुमच्या हातात आहे म्हून मले काळजी नाई, मास्तर."

त्यांच्या डोळ्यावर तेव्हा पट्टी होती. नवव्या दिवशी मशीन चालता चालता बंद पडलं. मी घाबरून सगळं होतं तसं करून ठेवलं. पण जे एक पॉइंट अठ्ठावीसला सहज चालायचं, ते आता त्यावर धापा टाकत होतं. मी फोन करत राहिलो. अठ्ठावीस, बासष्ट. अठ्ठावीस, बासष्ट.

भाऊ काळा चष्मा लावून परतले. तिसऱ्या दिवशी पत्ते खेळताना स्क्रीन निळी झाली. त्यांनी एक पॉइंट तीस केलं. पुन्हा निळी. मी म्हणालो, "भाऊ, थोडं अजून द्या ना. पस्तीस. चालंल."

"तीसच्या वर नाई."

"काहून पन? मशीन मरून राह्यलं."

"नाई म्हन्लं ना, मास्तर."

त्यांनी वेग उतरवला. कंपनीचा होता तेवढा केला. त्यावर आठवडाभर चाललं. मग एका रविवारी बटन दाबलं तर काहीच झालं नाही. पंखा फिरला, पडदा काळाच. मी समोर चहा घेऊन बसलो होतो. तेवढ्यात फोन वाजला.

"आकडा?"

"मशीन गेलं, प्रशांत."

"कसं गेलं? किती दिला होता?"

"तीसच."

"तीसवर नाही जात, बाबा. खरं सांगा."

भाऊंनी काळा चष्मा काढला. मग हळू म्हणाले, "मंग जास्त झाला असंल. आपरेशनचे डोये ना. अडोतीसचं तीस वाचलं असंल म्या."

"एकच गोष्ट सांगितली होती तुम्हाला," प्रशांत म्हणाला. रागानं नाही. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. "ठेवतो."

मी चहा बशीत ओतला. तो केव्हाच गार झालेला होता, ओतायची गरज नव्हती. तोंड उघडायची हीच वेळ होती. उघडलं, आणि विचारलं काय, तर, "भाऊ, एकच गोष्ट म्हंजे?"

ते मशीन उघडून मदरबोर्डवरची धूळ दुपट्ट्यानं पुसत बोलले. प्रशांतनं पुण्यात आपल्या पसंतीनं लग्न केलं होतं. लग्नाला या, असा फोन आला होता. हे गेले नाहीत. आई आधीच वारलेली, त्यामुळे मध्ये बोलणारं कोणी उरलं नाही. दोन वर्षं फोन नाही. मग एक दिवस मुलाचा मेसेज आला : कॉम्प्युटर चालतो का? यांनी लिहिलं, चालतो. उत्तर आलं : एक पॉइंट तीसच्या वर जाऊ नका.

"लग्नाले या म्हन्ला, तं म्या आयकलं नाई," भाऊ म्हणाले. "मंग त्यानं माह्याकून दुसरं काई मांगतलंच नाई. हे एक मांगतलं. म्हटलं, हे तरी पाळावं."

आणि मग माझ्याकडे पाहून, अगदी माझी समजूत घालत असल्यासारखे, "डोयानं घात केला, मास्तर. तुमी तं रोज बराबर सांगून राह्यले होते."

मी उठलो आणि शाळेचं काम आहे म्हणालो. रविवार होता.

याला आता वर्ष होत आलं. फोन अजून येतो, पण दर रविवारी नाही. आला तर जेवलात का, हो, ठेवतो. नवा प्रोसेसर आणून देतो म्हणालो, तर भाऊ म्हणाले, "कायले? आता कोन इचारते आकडा."

प्रशांतचा नंबर माझ्याकडे आहे. त्याच्या बापानं तीसचा शब्द कधी मोडला नाही, मोडला तो मी, हे त्याला सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.