जाळी नसलेल्या घराचा गौरव

मानवी संस्कृतीची उंची राजवाड्यांवरून मोजू नये. माणसाने आत आणि बाहेर यांतला भेद किती मिटवला, यावरून मोजावी. या कसोटीवर गुहेतला आदिमानव फार पुढे गेलेला होता, कारण त्याच्या गुहेला दारच नव्हतं. (तो सरासरी किती वर्षं जगायचा, हा प्रश्न वास्तुकलेच्या कक्षेत येत नाही.) मधल्या काळात माणूस बिघडला. त्याने भिंती घातल्या, भिंतींना दारं बसवली, दारांना कड्या लावल्या. ही चूक दुरुस्त करण्याचं कार्य ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मजी गावात वास्तुशिल्पी रूपर्ट डॅलगार्नो यांनी हाती घेतलं आणि ते आमच्या कुंपणापलीकडे, पास्को कुटुंबाच्या घरी तडीस नेलं. शेजारी या नात्याने आम्हाला त्याचा अभिमान आहे. आमच्या घराला दारं आहेत, याची थोडी लाजही वाटते.

पास्कोंचं जुनं घर फळ्यांचं होतं. वर पत्रा, पुढे व्हरांडा आणि व्हरांड्यावर जाळीचं एक दार, जे दर खेपेला धाडकन आपटायचं. नोलीन पास्को त्या घरात लग्न होऊन आली, तिथेच म्हातारी झाली. नवरा गेल्यावर मुलगा ग्रॅहॅम आणि सून टॅमसिन सिडनीहून राहायला आले. आईला एकटं कसं ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून त्यांनी घर पाडलं.

सगळं पाडता आलं नाही. घर जुनं असेल तर त्याचा चेहरा राखावा, असा नगरपालिकेचा नियम आहे. त्यामुळे पुढची भिंत आणि व्हरांडा लोखंडी टेकूंवर उभे ठेवले आणि मागचं सारं नवं केलं. आजोबांच्या मिशा तेवढ्या जपून ठेवाव्यात आणि त्यांच्यामागे नवीन आजोबा बसवावेत, असा हा प्रकार. आमच्याकडे याला परंपरेचं जतन म्हणतात.

मिशांच्या मागे जे उभं राहिलं त्याचं वर्णन करायला आमची लेखणी तोकडी आहे, तरी प्रयत्न करतो. बाहेरून जाळून काळं केलेलं लाकूड. (वणव्यात इथे दर काही उन्हाळ्यांनी घरं फुकटात काळी होतात, हे मुद्दाम काळं केलेलं, म्हणून महाग.) जमिनीला काँक्रीट, भिंतीला काँक्रीट, बसायला काँक्रीटचा ओटा, आणि त्यावर एकच उशी, जिच्यावर टेकायला मनाई. रंग पांढरा. हा पांढरा टॅमसिनने एकोणतीस पांढऱ्यांमधून निवडला आणि उरलेल्या अठ्ठावीसांपासून तो वेगळा ओळखू शकणारी या जिल्ह्यात ती एकटीच आहे. स्वयंपाकघरं दोन. पुढचं संगमरवरी, पाहण्यासाठी. त्याच्या पाठीमागे कपाटाएवढं दुसरं, ज्यात अंडं उकडता येतं.

पण खरा मुकुटमणी म्हणजे मागची भिंत. ती भिंत नाहीच. ती एक काच आहे, आणि ती काचही ढकलली की बाजूच्या पोकळीत जाऊन गुप्त होते.

"आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं, हे कळताच कामा नये," डॅलगार्नो म्हणाले.

कळलं नाही. माश्यांनाही कळलं नाही.

"रूपर्ट बाळा," गृहप्रवेशाच्या दिवशीच नोलीन म्हणाली, "सगळं झकास केलंस. जाळीचं दार तेवढं राहिलंय."

"राहिलं नाही, नोलीन. ते काढून टाकलंय. जाळी म्हणजे निसर्गावर दाखवलेला अविश्वास."

"माझा आहेच अविश्वास. लग्न झाल्यापासून ओळखते मी त्याला."

डॅलगार्नो यांनी कारणं सविस्तर समजावून दिली. एक, जाळी फोटोत करडी दिसते. दोन, जाळीला चौकट लागते, चौकटीमुळे जमिनीवर रेघ उमटते, रेघ म्हणजे सीमा आणि सीमा म्हणजे हिंसा. तिसरं कारण सांगताना त्यांना ठसका लागला. तो त्यांनी विचारमग्नतेत जिरवला, पण काय गेलं ते आम्ही पाहिलं होतं.

"घर श्वास घेतंय," ते सावरून म्हणाले.

"तूही सांभाळून घे रे," नोलीन म्हणाली.

त्या उन्हाळ्यात पास्कोंकडे आलेल्या पाहुण्यांची आम्ही शास्त्रीय नोंद ठेवणार होतो. एके दुपारी चहाच्या टेबलावर बसून मोजणी सुरूही केली: माणसं चार, मॅगपाय पक्षी दोन (एक काँक्रीटच्या ओट्यावर, एक उशीवर, त्याला मनाई कोणी सांगितली नव्हती), निळ्या जिभेचा सरडा एक, आमचा कुत्रा. माश्यांची मोजणी मात्र सोडून द्यावी लागली, कारण मोजणाऱ्याच्या नाकावर बसलेल्या माश्या घराच्या आत धराव्यात की बाहेर, असा तांत्रिक पेच उभा राहिला.

डिसेंबर लागला तशी नोलीनने नोटीस दिली. "नाताळच्या आत जाळी लागली नाही, तर मी बोलिंग क्लबच्या मागे जाते राहायला. म्हाताऱ्यांसाठी एकेक खोली आहे तिथे. खिडक्यांना जाळ्या आहेत. मी बोट लावून बघून आलेय."

ग्रॅहॅमचा चेहरा त्या एकोणतिसाव्या पांढऱ्यासारखा झाला. ग्रॅहॅम हा आई आणि बायको यांच्या मध्ये उभा असलेला माणूस. (घरात शिल्लक असलेली एवढीच भिंत.)

"थोडे दिवस थांबा ना, नोलीन," टॅमसिन काकुळतीला आली. "वास्तुकला पुरस्काराचे परीक्षक येऊन जाऊ देत. मग हवी तेवढी जाळी लावा."

"म्हणजे कधी?"

"पुरस्कार मिळाला की."

"आणि मिळाला की लावू देशील?"

टॅमसिन प्रामाणिक बाई आहे. तिने विचार केला. "पुरस्कार मिळालेल्या घराला हात कसा लावायचा?"

"आणि नाही मिळाला तर?"

"मग पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागेल."

मधला मार्ग म्हणून डॅलगार्नो यांनी तुळशीच्या जातीच्या झाडाच्या अकरा कुंड्या सुचवल्या. माश्यांना ती आवडली. मग हाताने घडवलेल्या मातीच्या वाडग्यांतून व्हिनेगर ठेवण्यात आलं. माश्यांना तेही आवडलं. पंखा लावा, असं आम्ही सुचवलं, तेव्हा डॅलगार्नो आमच्याकडे करुणेने पाहत म्हणाले, "छत विश्रांती घेतंय." शेवटी नोलीन स्वतः हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्यांचा, खाटकाच्या दुकानाला असतो तसला पडदा घेऊन आली. तो सकाळच्या चहापासून टॅमसिन घरी येईपर्यंत टिकला. त्या काळात घरात जो आनंद नांदला, त्याचं एकही छायाचित्र उपलब्ध नाही.

परीक्षक तिघे होते, तिघेही काळ्या कपड्यांत. माशीला काळा रंग विशेष प्रिय आहे, हे त्या दिवशी निर्विवाद सिद्ध झालं. त्यांच्यापैकी ज्येष्ठ बाईंनी प्रशंसा करायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. त्यांचं ते मौन म्हणजे सर्वोच्च दाद होय, असं डॅलगार्नो यांनी आमच्या कानात सांगितलं.

सोबत छायाचित्रकार होता. अशा फोटोंत एक माणूस लागतो, पण तो ओळखू येता कामा नये. हलल्यामुळे पुसट झालेला हवा, म्हणजे घराचा आकार कळतो आणि राहणाऱ्यांचा त्रास होत नाही. छायाचित्रकाराने नोलीनला आतून बाहेर चालायला सांगितलं.

"जरा भरभर, आजी. थांबू नका."

"सामान घेऊन चालेल?"

"उत्तम! प्रवासाचा भाव येईल."

नोलीनने खोलीतून बॅग आणली आणि चालायला लागली. काँक्रीटवरून, नसलेल्या भिंतीतून, हिरवळीवरून. ती थांबली नाही. फाटक ओलांडून बोलिंग क्लबच्या दिशेने वळली, तेव्हा छायाचित्रकार "अप्रतिम!" म्हणून ओरडला. तो फोटो पुढे मासिकात छापून आला. उजव्या कडेला जो निळसर डाग दिसतो, ती नोलीन. खाली लिहिलंय: 'मानवी उपस्थिती'.

पुरस्कार अर्थातच मिळाला. निवेदनात म्हटलं होतं: 'सदर घरातील रहिवासी हातांच्या लयबद्ध हालचालींद्वारे परिसराशी अखंड संवाद साधतात. अन्य घरांत माणूस निसर्गाकडे पाहतो. येथे निसर्ग माणसावर बसतो.' यात एकही शब्द खोटा नाही.

नाताळचं जेवण नव्या घरात मांडलं होतं. थंड हॅम, कोळंबी, आणि मधोमध टॅमसिनने केलेला पाव्हलोव्हा, म्हणजे अंड्याच्या फेसाचा केक: पांढराशुभ्र, वर साय, सायीवर पॅशनफ्रूटच्या काळ्या बिया. ग्रॅहॅमने सुरी टेकवली, तशा बऱ्याचशा बिया उडून गेल्या.

ग्रॅहॅमने पाव्हलोव्हा उचलला, वर टॉवेल झाकला आणि तो गाडीकडे निघाला. टॅमसिन हॅम घेऊन त्याच्यामागे. आम्ही कोळंबी. नोलीनच्या त्या एका खोलीत आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. खिडक्या उघड्या होत्या, वारा येत होता, आणि माणसं दोन्ही हातांनी जेवत होती. टॅमसिनने दुसऱ्यांदा हॅम मागून घेतलं. भिंतीचा रंग फिकट पिवळा होता. त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

तेवढ्यात शॅम्पेनची बाटली घेऊन डॅलगार्नो शुभेच्छा द्यायला आले. जाळीचं दार कोपराने उघडं धरून ते उंबऱ्यातच खिळले.

"नोलीन! उजेड आत येतोय, वारा येतोय, बाहेरचं सगळं दिसतंय, आणि तरीही... ही त्वचा कोणाची कल्पना?"

"हार्डवेअरवाल्याची."

"पुढच्या घराला मी हेच करणार आहे. श्वास घेणारी त्वचा! टॅमसिन, तुमच्या घराला आपण ही पुरवणी जोडू शकतो. पुरस्काराला धक्का लागणार नाही, कारण ती जाळी नसेल, भूमिका असेल."

ग्रॅहॅमने ताट खाली ठेवलं. "आई, मग येशील परत?"

नोलीनने मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग दाराकडे.

वाचकहो, तिच्या उत्तरासाठी तुम्हीही डॅलगार्नोंच्या पाठीमागे उभे राहून मान लांब करताहात, हे आम्हाला इथून दिसतंय. तुम्ही मघापासून हसताहात, ते ठीक. पण मासिकातलं ते पुसट डागवालं पान तुम्हीच कापून ठेवलंय, 'आपल्याला बांधायचं झालं तर' म्हणून; आणि ज्या खोलीत आम्ही जेवलो तिचा फोटो मागावा, असं तुमच्या मनातही आलं नाही. तेव्हा नोलीन जे म्हणाली ते तुम्हा सर्वांनाच उद्देशून होतं, असं समजायला हरकत नाही.

"आत यायचं तर आत या, नाहीतर बाहेर थांबा," ती म्हणाली. "पण आधी ते दार लावा. माश्या येताहेत."