खैरमोडेंचं एका वायरीचं मशीन

खैरमोडेंच्या दारात उजवी चप्पल डावीच्या जागी ठेवता येत नाही. ठेवू नये असं नाही, ठेवताच येत नाही. दाराशी त्यांनी एक जाड फळी ठोकली आहे, तिच्यात चपलांच्या आकाराच्या खाचा कोरल्या आहेत, आणि उजवी चप्पल डाव्या खाचेत घालायला गेलात तर ती अर्ध्यावर अडकते. पाहुण्यांसाठीही एक जोड खाच आहे. ती आठ नंबरची. माझा पाय दहा नंबरचा. त्यामुळे गेली अकरा वर्षं मी समोरच्या फ्लॅटमधून त्यांच्याकडे अनवाणी जातो.

"चुकायला जागाच ठेवायची न्हाई, सर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते दिवसातून किती वेळा येतं हे त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, विचारावं.

निवृत्ती खैरमोडे मूळचे साताऱ्याकडचे. चाकणच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, त्यांची चौतीस वर्षं गेली. लोखंडाच्या तुकड्याला भोक पाडताना तो ज्या साच्यात घट्ट धरतात त्याला फिक्स्चर म्हणतात. चांगल्या फिक्स्चरमध्ये तुकडा उलटा बसतच नाही; कामगार पेंगत असला तरी माल बरोबरच निघतो. खैरमोडेंनी जन्मभर असे साचे केले. मग ते रिटायर झाले, कारखाना सुटला आणि त्यांच्या तावडीत घर सापडलं.

आता त्यांच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्याचं झाकण साखरेच्या डब्याला लागत नाही. बाथरूममधला मग एकाच बाजूने खुंटीवर बसतो. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, हे मापं घ्यायचं व्हर्नियर कॅलिपर ठेवतात. आकुर्डी स्टेशनबाहेर आम्ही वडापाव खायला गेलो की वडा आधी मोजला जातो. "कालच्यापेक्षा चार एमएम कमी," असं ते शांतपणे सांगतात, आणि गाडीवाला माझ्याकडे दयेने बघतो. गणपतीची मूर्तीही ते बैठक मोजून घेतात, कारण घरच्या चौरंगावर तिच्यासाठी खुंट्या बसवलेल्या आहेत. मूर्तिकार आता त्यांना लांबून बघितलं की ओरडतो, "काका, बैठक तीच ए, मोजू नका!" तरी ते मोजतातच.

मी मराठीचा प्राध्यापक. माझ्या टेबलावर गेल्या वर्षीचे पेपरही अजून पडलेले असतात. खैरमोडे माझ्या घरी आले की सोफ्याच्या कडेवर, कशाला हात लागू नये अशा बेताने बसतात. पण मला ते आवडतात. बिघडलेलं काहीही घेऊन गेलं तर "बघू" म्हणत नाहीत, करून देतात.

त्यांची मुलगी ऋतुजा बेंगळुरूला असते. संगणकावरच्या खेळांमधली पात्रं बनवते: राक्षस, योद्धे, सहा पायांची जनावरं. खैरमोडेंची इच्छा होती तिने टूल डिझाइन करावं. तिने राक्षस निवडले. यावरून दोन वर्षं घरात फार बोलणं नव्हतं. नंतर ते सुरू झालं, पण फोनवरचं. जेवलीस का, पाऊस आहे का, एवढंच.

गेल्या दिवाळीत ती आठ दिवसांसाठी आली. आठवडाभर घरून काम करायची मुभा होती. पहिल्या दिवशी तिने चहा केला, तेव्हा बाबांनी गॅसची ज्योत कमी केली. दुसऱ्या दिवशी तिने कपडे वाळत घातले, ते बाबांनी काढून अंतर मोजून पुन्हा घातले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "लॅपटॉप मिटायची तुझी पद्धत चुकतीया." चौथ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली.

"बाबा, माझ्या कामाला मोठं ग्राफिक्स कार्ड लागतं," ती जिन्यात म्हणाली. "ते ऑफिसातच आहे. या लॅपटॉपवर इथून काम होतच नाही."

मी दारात उभा होतो. हे कारण खरं नाही, हे मलाही कळलं आणि काकूंनाही. काकू पदराने कपाळ पुसत आत गेल्या. खैरमोडे मात्र जिन्यातच थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली.

"सर, ग्राफिक्स कार्ड म्हंजी काय असतं वो?"

मराठीच्या प्राध्यापकाला हे विचारणारा माणूस किती अडला असेल! मी त्यांना दापोडीला सलीमभाईंकडे नेलं. सलीमभाई संगणक दुरुस्त करतात, आणि माझा लॅपटॉप आजवर जिवंत आहे तो त्यांच्यामुळेच. त्यांनी समजावून सांगितलं, ते मलाही कळलं. चित्रं भराभर काढणारं हे कार्ड मोठ्या संगणकाच्या पोटात असतं, पातळ लॅपटॉपमध्ये मावत नाही. पण ते बाहेर वेगळ्या पेटीत ठेवता येतं, त्याला वेगळी वीज द्यायची, आणि एका वायरीने लॅपटॉपला जोडायचं. त्याच पेटीला दोन मोठे स्क्रीन, कीबोर्ड, माउस लावून ठेवले की झालं. "एक वायर लगाव, लॅपटॉप चार्ज भी होतो, सगळं चालू भी होतं. जाताना वायर काढा, लॅपटॉप उचला, चला."

"जाताना," खैरमोडे पुटपुटले. ते त्यांना आवडलेलं दिसलं नाही.

सलीमभाईंनी एक वापरलेलं पण धडधाकट कार्ड मिळवून दिलं. खैरमोडेंनी व्हर्नियर काढलं. "अरे काका, ये कार्ड है, पिस्टन नहीं!" सलीमभाई कळवळले. पण तोवर लांबी, रुंदी, जाडी वहीत उतरली होती.

पुढचे चार महिने आमच्या मजल्यावर कानशीचा आवाज होता. सलीमभाईंच्या मते पत्र्याचा हलका डबा पुरला असता. खैरमोडेंनी पाच एमएमची प्लेट आणली. गरम हवा बाहेर जायला भोकं हवीत म्हटल्यावर त्यांनी ती अशा रांगेत पाडली की कुठल्याही बाजूने बघितलं तरी ओळ सरळ. डबा दोघांना उचलावा लागत होता. "तिजोरी हाय व्हय ही?" काकू विचारायच्या. सलीमभाई एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप घेऊन आले, वायर लावली, आणि सगळं पहिल्या फटक्यात चालू झालं. इथेच काम संपायला हवं होतं.

"पण वायर कोणी वाकडी घातली तर?" खैरमोडे म्हणाले.

"कोण घालेल, काका?"

"चुकायला जागाच ठेवायची न्हाई."

मग त्यांनी डब्यावर लॅपटॉपसाठी बैठक केली. दोन्ही बाजूंना पितळी पट्ट्या आणि वायरीचं टोक एका पोलादी ठोकळ्यात कायमचं पकडलेलं. लॅपटॉप पट्ट्यांमधून सरकवला की टोक आपोआप नेमक्या भोकात शिरणार. मी कौतुकाने माझा लॅपटॉप घालून बघायला गेलो. "तुमचा बसणार न्हाई सर. तो बसू नये असंच केलंय." ऋतुजाच्या लॅपटॉपची मापं त्यांनी दिवाळीतच घेतली होती, ती आंघोळीला गेली असताना. मला जरा आश्चर्य वाटलं. तेव्हा तर तिने कार्डाचं नावही काढलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "पोरगी कशावर काम करती, माप तरी ठावं असावं."

ऋतुजा गुढीपाडव्याला आली. चार दिवसांसाठी, मंगळवारी सकाळची परतीची बस. जेवणं झाल्यावर काकूंनी मलाही बोलावलं. खैरमोडेंनी टेबलावरचा पंचा बाजूला केला. ऋतुजाने एकेक करून सगळं बघितलं. डबा, दोन स्क्रीन, पितळी पट्ट्या.

"हे तुम्ही केलंत?"

"लॅपटॉप आण."

तिने बॅगेतून लॅपटॉप काढून पट्ट्यांमध्ये सरकवला. तो सैल गेला, डगमगला, आणि ठोकळ्यावर आपटून थांबला. खैरमोडेंनी तो हातात घेतला, उलटा केला, कड चाचपली. वायरीचं भोक दुसऱ्या बाजूला होतं.

"हा नवीन आहे बाबा. जानेवारीत ऑफिसने बदलून दिला."

टूलरूममध्ये ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, रिव्हिजनचा. पार्ट बदलला की तो आकडा बदलतो. काम सुरू करण्याआधी आकडा तपासायचा. जुन्या ड्रॉइंगवर काम करणं म्हणजे सर्वांत मोठा गुन्हा. यासाठी खैरमोडेंनी माणसांना गेटबाहेर काढलं होतं. आणि इथे त्यांनी चार महिन्यांत पोरीला एकदाही विचारलं नव्हतं की तुझं काही बदललं का.

ते स्टुलावर बसले. "चुकलं माझं," म्हणाले.

काकूंच्या हातातली वाटी तशीच राहिली. लग्नाच्या इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडत असावं.

ऋतुजाने डब्याच्या आत वाकून बघितलं. "वायर आत गुंडाळलेली आहे की. हा ठोकळाच काढू या ना?"

त्यांनी मुकाट्याने स्क्रूच्या चाव्या दिल्या. तिने चुकीची चावी उचलली. खैरमोडेंचे ओठ हलले, मिटले. तिने एका स्क्रूचं डोकं पार खराब केलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी ठोकळा निघाला, वायर मोकळी झाली. ती जेमतेम पुरत होती, म्हणून लॅपटॉप डब्यावर तिरका ठेवावा लागला, एक कोपरा हवेत. तिने वायर जोडली. पंखा घुमला, दोन्ही स्क्रीन उजळले, आणि एक हिरवा राक्षस सगळ्या खोलीकडे मान वळवून बघू लागला.

"ऑफिसात पण असा झरझर फिरत नाही," ती म्हणाली.

खैरमोडे जवळ गेले. "हे खवले एका लाइनीत न्हाईत."

"मुद्दाम, बाबा. सरळ ठेवले की तो मेलेला वाटतो."

खिशातल्या व्हर्नियरकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. "बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅलरीत भेटले. मी आपलं वरवर म्हटलं, काका, छान झालं, आता तिला कार्डाची अडचण नाही.

"कार्डाची अडचण नव्हतीच सर," ते म्हणाले. "मला जिन्यातच कळलं हुतं. अडचण मी हाय."

"मग चार महिने हे सगळं कशाला केलंत?"

"मला दुसरं काय येतं?" ते म्हणाले. "सॉरी म्हनायला शिकलोच न्हाई. लोखंड तेवढं घासता येतं."

मंगळवारी दुपारी मी कॉलेजमधून आलो तर त्यांचं दार उघडं होतं. ऋतुजा टेबलाशी बसून राक्षसाचा हात करत होती. सकाळची बस निघून गेली होती. लॅपटॉप तसाच तिरका, वायर ताणलेली. शेजारच्या स्टुलावर खैरमोडे बसले होते, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून.

"या सर," ते हळूच म्हणाले. "काय हलवू नका. रविवारपर्यंत ऱ्हातीया ती."